आईचं पासबुक काचेखालून भिरकावलं. लेखी तक्रार द्यावी की गप्प बसावं?

कट्टेकरी_रंकाळा

शहरातलंच एक पोस्ट. कुठलं ते लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा त्या पोस्टावरच घसरणार.

आईचे मासिक उत्पन्न योजनेत तीन लाख आहेत. महिन्याला १८५० रुपये बचत खात्यात पडतात. वडील गेल्यापासून हे १८५० म्हणजे तिचा स्वतःचा पगार. गोळ्या, नातवाचा खाऊ, अंबाबाईची ओटी, सगळं त्यातनं. एटीएम नको म्हणते. पासबुकात एंट्री छापून आली की मगच तिला पैसे आल्यासारखं वाटतं. वय ७४, गुडघे गेलेत, तरी दोन-तीन महिन्यांतनं एकदा स्वतः जाते.

गेल्या मंगळवारी मी सोबत होतो. पाऊण तास रांग. खिडकीशी पोचलो तर आतला तिशीचा पोरगा स्लिप बघून म्हणाला, "सही जुळत नाही." आईनं दुसरी केली. हात थरथरतोय, ती पण वाकडीच आली. "आजी, सही येत नाही तर येता कशाला? घरात बसा की." आणि पासबुक असं भिरकावलं की फटीतनं थेट फरशीवर. मी वाकायच्या आत आईच वाकली. एक हात भिंतीला लावून.

रांगेतलं कोणी काही बोललं नाही. मी पण नाही. तेच डोक्यातनं जाईना.

माझं मत लेखी द्यावं असं. आई म्हणते, जाऊ दे.

वाकडी_तिकटी

व्हिडिओ काढायचा होतास भावा. संध्याकाळपर्यंत पेठेपेठेत फिरला असता.

निवृत्त_टपाली

पोस्टात छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा काउंटरवर. पासबुक खाली पडलं हे वाईटच. पण ते फेकलं की घाईत सरकवलं, हे बाहेरून नीट कळत नाही, एवढं सांगून पुढं लिहितो.

सहीचं आधी. सही न जुळता पैसे दिले आणि उद्या दुसऱ्या मुलानं येऊन "आईनं काढलेच नव्हते" म्हटलं, तर वसुली त्या पोराच्या पगारातनं होते. संध्याकाळी रोकड कमी भरली तरी खिसा त्याचाच. आमच्या एका सहकाऱ्यानं पाचशेच्या नोटा मोजताना चूक केली, घरी बायकोला सांगायचं धाडस होईना म्हणून माझ्याकडं उसने मागितलेले आठवतात.

दुसरं, गर्दी. पाटी तीन खिडक्यांची, माणूस एक किंवा दीड. त्या एकाकडं स्पीड पोस्ट, बचत खाती, सुकन्या, आधार आणि वरनं विम्याचं टार्गेट. २०२५ मध्ये नवी संगणक प्रणाली आली, ती देशभर लागू करायचं काम ४ ऑगस्टला पुरं झालं. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला! स्क्रीन गोल गोल फिरतीय आणि काचेबाहेर राख्यांची पाकिटं घेऊन पन्नास बहिणी. शिव्या कोणाला? प्रणाली आणणाऱ्याला नव्हे, समोर दिसतो त्याला.

आणि आईंसाठी: नव्यानं नमुना सही देता येते. तेही जमत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा चालतो. आजारी खातेदाराला अधिकारपत्रावर माणूस पाठवूनही पैसे काढता येतात.

शाहूपुरीची_सून

काका, मान राखून बोलतो. तुम्हीच शेवटी सांगितलंत की उपाय होता आणि तो दोन वाक्यांत सांगता येत होता. मग त्यानं तीच दोन वाक्यं का नाही बोलली? "घरात बसा की" म्हणायला पण तेवढाच वेळ लागतो.

२०२४ ला लाडक्या बहिणीच्या १५०० साठी आधारला जोडलेलं खातं पाहिजे म्हणून आम्ही सगळ्या जावा-जावा पोस्टात गेलतो. गर्दी होती, कबूल. पण मी दोन तास उभी राहून एकच बघत होतो. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी असली की आवाज चढायचा. "कागद कुठंय? वाचता येत नाही?" तेवढ्यात पांढरे कडक कपडे घातलेला एक जण आला. "या या साहेब, बसा," म्हणत त्याला आतल्या बाजूनं खुर्ची. सर्व्हर तोच, टार्गेट तेच, पगार तोच. साहेबाला बघून ताण कुठं गेला?

पगारातनं वसुलीची भीती मला पटली. पण भीतीनं माणूस सही चारदा तपासेल. पासबुक कशाला भिरकावेल?

बदलीवर_आलेला

तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त पुण्याहून इथे आलो. राग मानू नका, पण कोल्हापुरात सगळेच भांडल्यासारखे बोलतात. पहिल्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत भाजीवाल्या मावशी मला म्हणाल्या, "घे की मर्दा, बघत काय उभारलाईस!" मी घाबरून दोन किलो वांगी घेतली. मला वाटतं तो मुलगाही नेहमीच्या सुरातच बोलला असेल. अशा गोष्टीची लेखी तक्रार म्हणजे जरा जास्तच.

वाकडी_तिकटी

साहेब, वांगी घेतल्यावर मावशीनं मूठभर कोथिंबीर वर टाकली का नाही? टाकलीच असणार. आमच्यात अरे-तुरे म्हणजे घरचा मान. "आज्जे, सही वाकडी झाली बघ, अंगठा लाव" असं तो एकेरीत बोलला असता तर हा धागाच निघाला नसता. तो 'आजी' म्हणाला, 'येता', 'बसा' म्हणाला. शब्द सगळे आदरार्थी, आणि हाकलून दिलं. रांगडं बोलणं आणि हाडतूड यातला फरक इथलं शेंबडं पोरगं पण ओळखतंय.

बदलीवर_आलेला

कोथिंबीर टाकली होती, हे मान्य.

खिडकी_एकच

सगळे तक्रार करा म्हणतील, मी नको म्हणतो. भित्रा म्हणा.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी अशीच लेखी तक्रार केली होती. त्या माणसाची बदली झाली, काकांनी पेढे वाटले. त्याच्या जागी पाच महिने कोणी आलंच नाही. खिडकी बंद, रांग दुप्पट, आणि शिव्या खाल्ल्या काकांनी. माणूस हलला नाही तरी अवघडच. पुढच्या महिन्यात आईला त्याच काचेसमोर उभं राहायचंय. तो आवाज चढवणार नाही, पण "आधारची प्रत आणा, फोटो जुना आहे, उद्या या" असं गोड बोलून चार चकरा मारायला लावेल. त्याला कशाखाली पकडणार?

त्यापेक्षा पोस्टमास्तरांना केबिनमध्ये भेटा, शांतपणे सांगा, आईंची नवी सही करून घ्या. काम होण्याशी मतलब.

शाहूपुरीची_सून

म्हणजे चार चकरा माराव्या लागतील म्हणून आज फरशीवरनं पासबुक उचलायचं. असंच आपण सगळे गप्प बसतो म्हणून तो पांढऱ्या कपड्याला खुर्ची देतोय.

वकिलांचा_कारकून

आमचा रोजचा संबंध पोस्टाशी. नोटिसा रजिस्टर एडीनं, म्हणजे पोच परत येणाऱ्या रजिस्टर टपालानं (आरपीएडी) जायच्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तरी आमचे साहेब अजून "आरपीएडी कर" म्हणतात आणि मी गुमान स्पीड पोस्ट करून येतो.

मी खिडकी_एकच यांच्याशी अर्धा सहमत. व्हिडिओ, आरडाओरडा नको. हात काचेच्या आत गेला, कोणाला धक्का लागला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ तुमच्यावर, म्हणजे सरकारी माणसाला कामात अडवायला बळ वापरल्याचं, जुनं ३५३. मग आईला सोडून तुम्हीच चकरा मारत बसाल.

पण नुसतं तोंडी सांगूनही काही होत नाही. तोंडी तक्रार त्या केबिनमध्येच विरते. आधी तक्रार वही मागा. नाही दिली तर साध्या कागदावर लिहा: तारीख, वेळ, खिडकी, नेमकं काय बोलला. 'उद्धट', 'मग्रूर' असली विशेषणं नकोत, वाक्य जसंच्या तसं लिहा. दोन प्रती. दुसरीवर पोच घ्या आणि शिक्क्यातली तारीख बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका. वर कोल्हापूर विभागाचे वरिष्ठ अधिकारी, त्यांच्यावर थेट पणजी, कारण आपला जिल्हा टपालाच्या गोवा रिजनमध्ये येतो. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकली तर २१ दिवसांत निकाली काढायची असते.

ग्राहक आयोगाची घाई नको. २०२३ च्या टपाल कायद्यात कलम १० नं त्यांनी स्वतःची जबाबदारी बरीच आवळून घेतलीय. आणि माहिती अधिकारात तक्रारीचं काय झालं विचारायचं असेल तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागेल. ती त्याच खिडकीवर मिळते.

निवृत्त_टपाली

पोचेचं बरोबर सांगितलंत. आमच्या काळात सकाळचं पहिलं काम शिक्का. चिमट्यानं कालचा आकडा काढायचा, आजचा बसवायचा, वहीत ठसा घ्यायचा, मग दार उघडायचं. त्या तारखेवर कोर्टात माणसं जिंकली-हरली आहेत.

शाहूपुरीच्या ताईंनी खुर्चीचं लिहिलं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. ती खुर्ची मीही दिलीय. पण एक विनंती. तक्रारीत दुसरी खिडकी बंद होती हेही लिहा. नुसतं त्या पोराचं लिहिलंत तर वरचे त्याच्याकडनं खुलासा घेतील आणि फाईल बंद करतील. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हा प्रश्न त्याच कागदावर आला तर उत्तर त्यांना द्यावं लागेल.

खिडकी_एकच

हे पटलं. असं लिहिणार असाल तर मी पण सही करतो. माझी जुळते.

कट्टेकरी_रंकाळा

सगळ्यांना एकदम सांगतो. आज जाऊन आलो.

आई आलीच. मी एकटा जातो म्हटलं तर म्हणाली, "पैसे माझं, पासबुक माझं, तू कशाला भांडतोयस?" पोस्टमास्तर बाई बोलायला बऱ्या निघाल्या. अंगठ्याचं त्यांनीच सुचवलं, साक्षीदार म्हणून रांगेतल्याच एका रिक्षावाल्या मामांनी सही केली. आईनं अंगठा लावला आणि निळी शाई पदराला पुसली. वीस मिनिटांत पैसे हातात. त्या पोरानंच मोजून दिले, मान खाली घालून. आईनं परत मोजले. त्याच्यासमोर, सावकाश, दोनदा.

तक्रार वही मागितली. कपाटात आहे, किल्ली रजेवर आहे. म्हणून कागदावर दिलं, बंद खिडकीसकट, विशेषणं न घालता. दोन प्रती. पोच घेतली, शिक्का मारून घेतला आणि लगबगीनं आईला रिक्षात बसवलं.

मिरजकर तिकटीपाशी सिग्नलला कागद उघडून बघितला. शिक्क्यावर कालची तारीख आहे.

निवृत्त_टपाली

अरे देवा.

वकिलांचा_कारकून

सांगितलं होतं. उद्या परत जा, पोचेची प्रत घेऊन.