मदत हवी आहे: उतरवलेलं वजन टिकवायचं कसं?

सात महिन्यांत ८४ वरून ७३ किलोवर आले होते, आता पाच महिन्यांत परत ७९. रोज १५०० कॅलरी मोजून खात होते, तासभर चालत होते, काटा ७३ वर आला तसं मोजणं बंद केलं आणि तिथेच घोळ झाला बहुतेक. वजन उतरलं की शरीराला कॅलरीपण कमी लागतात हे कळतं हो, पण रात्री अकराला फ्रिज उघडून उभं राहिल्यावर कुठलं आठवतंय! थायरॉईड, शुगर नॉर्मल आहे, गोळ्या काही चालू नाहीत. वय ४१, गुडघा दुखतो म्हणून धावणं, उड्या नकोत आणि पावडरी तर अजिबात सुचवू नका प्लीज. ज्यांनी वर्षभर तरी वजन टिकवलंय त्यांनी सांगा, डाएट संपल्यावर खाणं एकदम वाढवलंत की दर आठवड्याला थोडं थोडं, आणि मोजणं कधी सोडलंत?