खिळा न ठोकता लेकीची खोली सजवायचीय, आयडिया द्या

बी-304 : नमस्कार, लेकीला आता स्वतःची खोली दिलीय पण भिंती अगदी ओक्याबोक्या दिसतात, घर भाड्याचं, ड्रिल करायचं नाही, रंग बदलायचा नाही असं ठरलंय. कमी खर्चात काय करता येईल? तिला ती खोली आपली वाटली पाहिजे एवढंच.

ए-102 : अगं वॉलपेपरचे स्टिकर मिळतात ना, चिकटवले की झालं

सी-201 : स्टिकर नको हं ताई. आम्ही मागच्या घरी लावले होते, काढताना डिस्टेंपरचे पापुद्रे निघाले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. भिंतीला हातच लावू नका.

डी-403 काकू : बी-304, हळदीकुंकवाला म्हणत होतीस ना सासूबाईंच्या जुन्या नऊवारी आहेत, त्याचे पडदे कर. नऊ वार म्हणजे 27 फूट कापड, तुझ्या खिडक्या 4 बाय 4 च्या, मग 5-5 फुटाचे चार तुकडे काढ, वर 3 इंचाचा नेफा, खाली 3 इंच दुमड, दोन खिडक्या होतात आणि पदराचे 7 फूट उरतात त्यात उश्यांचे अभ्रे. असं कापलं की काठ उभे येतात, प्रत्येक पडद्याला दोन्ही बाजूंनी, सकाळचं ऊन आत आलं की ते काठ काय सुंदर दिसतात गं. आतून मांजरपाटाचं अस्तर लाव, पण मांजरपाट आधी भिजवून वाळव नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि पडद्याला चुण्या पडतात. रॉड स्प्रिंगचा घे, खिडकीच्या चौकटीत अडकतो, भोक पाडावं लागत नाही.

बी-304 : काकू किती छान 🙏 एक रेशमी पण आहे, ती चालेल?

डी-403 काकू : नको. जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, रोजच्या उन्हात चिरत जाईल. ती तशीच जपून ठेव, लेकीला नेसायला होईल.

ए-504 : वहिनी, भिंतीऐवजी प्लायवर वारली करा. सुताराकडे तुकडे पडलेले असतात, 2 बाय 3 चा घ्या, पॉलिश पेपर मारा, गेरू रात्रभर भिजवून गाळून त्यात थोडं फेविकॉल घाला (नुसता गेरू लावला तर हाताला, कपड्याला लागतो), दोन हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने चित्र. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणसाचं अंग होतं, लेकीलाच काढू द्या, रेषा वाकडी आली तरी राहू द्या. बोर्ड कपाटावर नुसता टेकवून ठेवायचा, घर बदललं की बरोबर येतो.

सी-201 : आणि तिला हे कुठून आलं तेही सांगा प्लीज, डहाणू तलासरीकडे वारली घरात लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने काढतात, आणि डहाणूच्याच जिव्या सोमा मशे यांना याच चित्रांसाठी 2011 ला पद्मश्री मिळाली. नुसतं डिझाईन म्हणून नको काढायला.

बी-304 : नक्की सांगेन. तिला आत्ताच दाखवलं तर म्हणते तारपा वाजवणारा मीच काढणार 😊 काकू, मशीन माझ्याकडे नाहीये पण

डी-403 काकू : रविवारी दुपारी ये माझ्याकडे, साडी आणि अस्तर दोन्ही घेऊन. फॉल लावलेला असेल तर तेवढा घरीच उसवून आण, आणि लेकीलाही आण, अभ्र्याचं कापड ती बेतेल.