काश्मिरी गालिचा म्हणून घेतलाय, खरा आहे का कसं ओळखायचं?

कोथरूडकर_७७:
नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात पुण्यातच एका हॉलमध्ये हस्तकला प्रदर्शन लागलं होतं, तिथून ४ बाय ६ चा गालिचा घेतला २२ हजारांना (सांगितले होते ४५, बायकोने घासाघीस करून खाली आणला). विकणारा म्हणाला प्युअर सिल्क, हाताने गाठी मारलेला, श्रीनगरचा, चौरस इंचाला ३२४ गाठी. घरी सासऱ्यांनी बघितला आणि नुसतं "हं" म्हणाले, तेव्हापासून माझी झोप उडालीय. बिलावर फक्त "कार्पेट १ नग". जीआयचं (ठरावीक भागातल्याच मालाला मिळणारं नावाचं सरकारी मानांकन) विचारलं तर म्हणे सगळ्या काश्मिरी मालाला जीआय असतोच, वेगळं काही लागत नाही. खरंय का हे? घरी काही चेक करता येतं का?

धागादोरा:
एक्स्पोर्टमध्ये होतो, भदोहीला (यूपीतलं गालिच्यांचं गाव) ६ वर्षं काढलीत म्हणून सांगतो. आधी गालिचा उलटा करा. खऱ्याची उलट बाजू म्हणजे पुढच्याच डिझाइनची कॉपी, एकेक गाठ दाण्यासारखी दिसते. पट्टी लावून एक इंच आडव्या मोजा, एक इंच उभ्या मोजा आणि गुणाकार करा, १८ गुणिले १८ म्हणजे ते तुमचे ३२४. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, गनने धागा घुसवून मागून लॅटेक्स (रबरासारखा चिकट थर) फासतात, त्यात गाठच नसते. दशा (टोकाला लोंबणारे धागे) पण बघा, खऱ्यात त्या ताण्याचीच, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात, शिवून लावलेल्या नसतात. मग लवीतला (वरच्या मऊ थरातला) एक धागा उपटून जाळा (बेसिनवर जाळा हो!), रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, व्हिस्कोस (नकली रेशीम) असेल तर कागद जळल्यासारखा.

आणि साधा हिशोब करा ना. २४ चौरस फूट म्हणजे ३४५६ चौरस इंच, गुणिले ३२४, झाल्या ११ लाखांच्या वर गाठी. २२ हजारात एका गाठीला २ पैसेसुद्धा पडत नाहीत आणि त्यातच रेशीम, रंग, दुकानदार, हॉलचं भाडं सगळं आलं. कारागीर काय हवा खाऊन राहतो का?

बदलीवाली:
आम्ही ३ वर्षं श्रीनगरला होतो, मिस्टरांची बदली. तिथे एका घरात माग बघितला होता तो अजून डोळ्यासमोर आहे. डिझाइनचं चित्र समोर नसतंच! कागदाच्या लांब पट्ट्या लावलेल्या, त्यावर मोडी लिपीसारख्या खुणा, कुठल्या रंगाच्या किती गाठी ते त्यात असतं, त्याला तालीम म्हणतात (आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा, मला आधी हसूच आलं). एक म्हातारे काका ते सुरात वाचत होते आणि मागावरचे दोघं मान वर न करता गाठ मारून सुरीने धागा कापत होते, खट खट खट. मी चहा पिईपर्यंत एक ओळसुद्धा पुढे सरकली नव्हती.

जीआयचं तो चुकीचं बोलला तुम्हाला. २०२२ पासून तिथे क्यूआर लेबल सुरू झालंय, श्रीनगरच्या कार्पेट टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येक गालिचा तपासून मगच लेबल लागतं, स्कॅन केलं की माल, कारागीर सगळं कळतं. लेबल नाही म्हणजे खोटाच असंही नाही, जुने कितीतरी बिनलेबलचेच आहेत. पण "लागत नाही" म्हणणाऱ्याकडून मी तरी घेतला नसता.

येवलेकर:
आमच्या पैठणीचीच स्टोरी की ही. जीआय आहे, तरी पॉवरलूमची साडी पैठणी म्हणून धडाधड खपते आणि गिऱ्हाईक उलट बाजू बघतच नाही. हातमागाचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, मशीनच्या मागे कापलेले धागे असतात, बस एवढंच बघायचं असतं. जीआयने नाव राखलं जातं, विणकराच्या पोटाचं काय ते वेगळंच.

धागादोरा:
येवलेकर, मान्य. फक्त एक, भदोहीला कोणी कमी समजू नका. "भदोहीचा हाताने बनवलेला गालिचा" म्हणून त्यांचा स्वतःचा जीआय आहे, २०१० पासून. माल चांगला असतो, बोंब तेव्हा होते जेव्हा तोच माल काश्मिरी म्हणून गळ्यात मारतात. नक्कल करण्यात पाप नाही, आपल्या येरवडा जेलमध्ये कैद्यांनी विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्यात, पण त्या येरवड्याच्या म्हणूनच ओळखल्या जातात.

कोथरूडकर_७७:
उलटा केला. मागे पांढरं कापड, कोपऱ्यात नख घातलं तर निघायला लागलं आणि खाली फरशीवर पिठासारखी पावडर. दशा चक्क मशीनने शिवल्यात. धागा जाळला, वही जाळल्याचा वास. सासऱ्यांना सांगितलं, परत "हं". आता पैसे मिळतील का परत?

धागादोरा:
बिलावर सिल्क लिहिलेलं नाही तिथे गोची आहे. व्हॉट्सॲपवर त्याने फोटोखाली "प्युअर सिल्क काश्मिरी" वगैरे टाकलं असेल तर आत्ताच स्क्रीनशॉट काढा, मग १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. आणि तोवर पाण्याने धुऊबिऊ नका, मागचं लॅटेक्स सुटून येईल.