मोठी एलईडी म्हणजे लांब झोत नव्हे

तुमची टॉर्च १८६५० सेलवाली (गोल लिथियम रिचार्जेबल सेल), आत क्री कंपनीची एक्सपी-ई एलईडी, आणि तिच्या जागी त्याच कंपनीची मोठी एक्सएम-एल२ बसेल का, असं विचारलंय. सरळ बसणार नाही. एक्सपी-ई ३.४५ मिमी चौरस, एक्सएम-एल२ ५ मिमी. खालचे पॅड (सोल्डर करायच्या धातूच्या जागा) जुळत नाहीत आणि रिफ्लेक्टरचं भोकही अपुरं पडेल. एक्सपी-ईच्याच मापात एक्सपी-एल मिळते, ती घ्या.

पण थांबा, रात्री मोटर चालू करायला शेतात जाताना लांबचं दिसावं म्हणून हा खटाटोप आहे ना? मग एक्सपी-एलही नको. तिचा पिवळा प्रकाशणारा चौकोन बराच मोठा असतो. त्याच रिफ्लेक्टरमध्ये उजेड पसरतो, पायाखालचं छान दिसतं, पण तेवढ्याच करंटवर झोत पूर्वीइतका लांब जात नाही. बांधापलीकडचं बघायचं असेल तर एक्सपी-ई२ किंवा एक्सपी-जी२ बरी.

सुटी एलईडी घेऊ नका, तांब्याच्या स्टारवर (एलईडीखालची छोटी धातूची चकती) बसवलेली घ्या. मी पहिल्यांदा सुटी आणली होती, सोल्डरिंग गनने पॅडच उखडले. आधी जुन्या स्टारचा व्यास मोजा, १६ मिमी की २० मिमी. खाली थर्मल पेस्टचा (उष्णता वाहून नेणारी पेस्ट) अगदी पातळ थर द्या. वायर काढण्याआधी प्लस-मायनसचा फोटो काढून ठेवा. आणि रिफ्लेक्टरची धातूची कड सोल्डरला टेकत नाही ना, हे नक्की बघा. मधली प्लास्टिकची चकती त्यासाठीच असते.

ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट देणारं सर्किट, किती करंटचा आहे? त्यावर लिहिलेलं असेल तर इथे टाका.