पर्सेंटाइलला मराठीत काय म्हणावं? (मुलीच्या क्षमता चाचणीच्या निकालावरून)

मुलगी अमेरिकेत तिसरीत आहे. शाळेतून ‘कॉगॅट’ या क्षमता चाचणीचा निकाल आला: भाषिक ५८, संख्यात्मक ९१, आकृत्यांचा भाग ९४ पर्सेंटाइल. सतत पुस्तकात डोकं असणारी मुलगी, आणि नेमकं भाषेतच कमी! फोनवर आजी म्हणाल्या, “अठ्ठावन्नच टक्के?” या शब्दाला मराठीत काय म्हणतात आणि आजींना समजावायचं कसं?

▪ शब्द आहे ‘शतमक’. अकरावीच्या अर्थशास्त्रात चतुर्थक, दशमक, शतमक असे ओळीने येतात. सीईटीमुळे पर्सेंटाइलही घराघरात रुळलाय, तोही चालेल. टक्के मात्र म्हणू नका. टक्के सांगतात किती प्रश्न बरोबर आले ते. शतमक सांगतो तिच्या वयाच्या शंभर मुलांत ती कुठे उभी आहे ते. ५८ म्हणजे सरासरीच्या थोडं वरच. आपल्याकडे अठ्ठावन्न टक्के म्हटलं की चेहरे पडतात, म्हणून हा घोळ मुलीच्या कानावर जाण्याआधीच निस्तरा.

▪ शतमकावरून मुलांतलं अंतरही मोजू नये. बहुतेक मुलं मधोमध दाटीने असतात, टोकांना तुरळक. कॉगॅटच्या प्रमाणित गुणांची (तुलनेसाठी एकाच मोजपट्टीवर बसवलेल्या गुणांची) सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते, १६. गुण १०० वरून १०६ झाले की शतमक ५० वरून साधारण ६५ वर उडी घेतो. तेच सहा गुण १३० वरून १३६ असे वाढले तर शतमक ९७ चा जेमतेम ९९ होतो. तुमच्या मुलीचे तीन आकडे प्रमाणित गुणांत साधारण १०३, १२१ आणि १२५ होतील. फरक आहे, पण ५८ आणि ९४ शेजारी ठेवल्यावर वाटतो तेवढा प्रचंड नाही.

▪ माझ्या मते खरी गफलत ‘भाषिक’ या शब्दात आहे. त्या भागात गोष्ट वाचायची नसते की निबंध लिहायचा नसतो. शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखा, एका गटातला शब्द निवडा, वाक्य पुरं करा, असे प्रश्न असतात. म्हणून ‘शाब्दिक तर्क’ म्हणा. दुसरीपर्यंत हे प्रश्न चित्रांवर असतात, तिसरीपासून छापील इंग्रजी शब्दांवर. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाचा आकडा इथे खाली येऊ शकतो. गेल्या वर्षीही चाचणी झाली असेल तर तो निकाल जरूर शेजारी ठेवून पाहा.

▪ आणि कृपया ‘कुवत’ शब्द वापरू नका. कुणी ‘क्षमता’ला साधा मराठी शब्द म्हणून तो सुचवेल. पण “त्याची कुवतच तेवढी” यात निवाडा आहे, कायमचा. क्षमता वाढते. ‘कल’ही इथे बसत नाही, दहावीच्या कलचाचणीत आवड विचारायचे, ही चाचणी तर्क तपासते.

▪ सगळ्यांचे आभार. निकालावर ‘८बी (व्ही–)’ असंही लिहिलंय, ते काय?

▪ ८ ही एक ते नऊ श्रेणींतली तिची एकंदर पातळी. ‘बी’ म्हणजे दोन भाग सारखे, तिसरा वेगळा. ‘व्ही–’ म्हणजे तो वेगळा भाग शाब्दिक, आणि तिच्याच इतर दोन भागांच्या मानाने कमी. वर्गातल्या मुलांच्या मानाने नव्हे. शतमक वयानुसार आणि इयत्तेनुसार असे दोन मिळतात. मुलगी वर्गात वयाने लहान असेल तर शिक्षकांकडून दोन्ही मागून घ्या.