मदत हवी आहे: वाड्याच्या सागातून सेमी-हॉलो गिटार, मधला ब्लॉक आणि टॉप कसा करावा?

नमस्कार मंडळी,

सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार हाताने घडवायला घेतली आहे आणि काम मधल्या ब्लॉकपाशी, म्हणजे बॉडीच्या मधोमधच्या भरीव ठोकळ्यापाशी, आणि टॉपपाशी, म्हणजे बॉडीच्या वरच्या फळीपाशी, अडलं आहे. गिटार बनवणारे, सतार-तंबोऱ्याचं काम जाणणारे किंवा लाकडात हात बसलेले कोणी असाल तर कृपया सविस्तर सांगा.

नाशिकच्या पंचवटीतला आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा सागाच्या काही तुळया आम्ही विकल्या नाहीत. वडील पॅटर्नमेकर. अंबड-सातपूरच्या फाउंड्रींना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळे रंधे, पटाश्या, गुण्या सगळं घरातच आहे आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तुळई चिरली तेव्हा बाहेरून चुलीच्या धुराने काळी पडलेली, आत मात्र मधाच्या रंगाची निघाली. जिथे जुने खिळे होते तिथे लाकडात निळसर काळे डाग खोलवर उतरले आहेत. खिळे लोहचुंबक फिरवून काढले. ते डाग मला टॉपवर दिसायला हवे आहेत.

सेमी-हॉलोच का, तर मला त्या पोकळीचा श्वास हवा आहे, पण स्टेजवर हू-हू नको आहे. पूर्ण पोकळ गिटार ड्रमर आणि मॉनिटरच्या मध्ये उभं राहून वाजवली की अ‍ॅम्पच्या आवाजाने टॉप थरथरतो, ती थरथर तारांतून आणि पिकअपमधून पुन्हा अ‍ॅम्पकडे जाते आणि फीडबॅक सुरू होतो. गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ आणली ती याच दुखण्यावर. कडेचे दोन पंख पोकळ, आणि मानेपासून शेपटीपर्यंत मधोमध मेपलचा भरीव ठोकळा. त्याच्याही आधी लेस पॉलने चार इंची चौकोनी ओंडक्याला पिकअप लावून दोन्ही बाजूंना गिटारीचे पंख जोडले होते. कल्पना तीच.

आता अडचण. ३३५ चा टॉप फुगीर असतो आणि तो अखंड लाकडाचा नसून पातळ थर साच्यात दाबून केलेला असतो. ठोकळा सपाट आणि टॉप गोलाईचा, म्हणून दोघांच्या मध्ये खाचा पाडलेल्या स्प्रूसच्या पट्ट्या भरतात. वडील म्हणतात, साचा मी करतो, व्हिनियर (लाकडाचे पातळ थर) दाबू, आणि ब्लॉकच त्या गोलाईला घासून बसवू, पट्ट्यांची भानगड नको. मला मात्र टॉप वाड्याच्याच सागाचा हवा आहे, भले सपाट असो. फेंडरने १९६८ मध्ये काढलेली थिनलाइन टेलिकास्टर तशी सपाट आहे. भरीव बॉडी आतून कोरून हलकी केलेली.

बाकीचं बरंचसं ठरलं आहे. स्केल, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६२८ मिमी; म्हणून नटपासून पहिली फ्रेट ३५.२५ मिमीवर. मान सागाची, आत मानेचा बाक साधणारा, दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड, वर शिसवीचा फिंगरबोर्ड. पिकअप दोन, दुहेरी कॉइलचे हंबकर, विकतचे.

माझे प्रश्न असे. बॉडी ४०० मिमी रुंद आहे, म्हणजे फळ्या जोडाव्याच लागणार. इतका रुंद सागाचा टॉप आपल्या हवेत टिकेल का? भाद्रपद सुरू आहे, घराची दारं अजून फुगलेली आहेत, आणि चैत्रात याच नाशकात ओठ फुटतात. ब्लॉकसुद्धा सागाचाच करावा की हलकं काही घ्यावं? आणि साग तेलकट, त्याचा सांधा तारांच्या ओढीखाली धरेल ना? दहाचा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची) ताणला की एकूण ओढ ४५ किलोच्या आसपास जाते.

प्रतिसाद

ताई, आत्ता काहीही चिकटवू नका. दिवाळी होऊ द्या. फळ्या अंतिम जाडीपेक्षा तीन-चार मिमी जाड चिरून, मध्ये पट्ट्या घालून, घरातच हवेशीर रचून ठेवा. मॉइश्चर मीटर मिळतो, तो ९-१० टक्के दाखवेपर्यंत थांबा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. थोडा हिशेब देतो म्हणजे घाई का नको ते कळेल.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळा ते उन्हाळा यांत लाकडातला ओलावा ८ टक्क्यांनी बदलला असं धरा. ४०० मिमी रुंदीची सागाची फळी वर्षवलयं पृष्ठभागाला आडवी येतील अशी चिरलेली असेल तर सुमारे ६ मिमी हलते. तीच फळी वलयं पृष्ठभागाला उभी येतील अशी चिरली तर ३ मिमीच्या थोडं वर. पॉलिश झाल्यावर ओलावा सावकाश आत-बाहेर करतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी होईल, पण प्रमाण हेच राहतं. तुळईच्या तोंडाशी वलयं बघा आणि टॉपच्या फळ्या उभ्या वलयाच्याच काढा. तुमच्याकडे अख्खी तुळई आहे, हे भाग्य बाजारातून फळी आणणाऱ्याला नसतं.

दुसरं, टॉप, ब्लॉक आणि बॅक (मागची फळी) या तिघांच्या रेषा एकाच दिशेने, मानेपासून शेपटीकडे ठेवा. मग सगळं एकत्र फुगतं, एकत्र आकसतं. भांडण होतं ते कडेच्या वाकवलेल्या पट्टीशी, कारण ती बॉडीच्या दोन टोकांना आडवी येते आणि टॉपला हलू देत नाही. म्हणून अखंड सागाचा टॉप हवा असेल तर थिनलाइनचा मार्ग धरा. बॉडीच्याच लाकडातून पंख कोरा, कड तशीच उभी सोडा, म्हणजे वाकवलेली पट्टी आलीच नाही. फुगीर टॉप हवा असेल तर काकांचं बरोबर आहे, तिथे थर दाबलेलाच घ्यावा. दीड मिमीचे तीन थर, मधला आडवा. त्याला साधा पांढरा गोंद नको, तो कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि गोलाई उघडते. इपॉक्सी किंवा कडक वाळणारा युरिया गोंद घ्या.

ब्लॉक सागाचा नको असं माझं मत. साग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, शिवणीचं लाकूड त्याच्या पाऊण. ११० मिमी रुंदीच्या ब्लॉकमध्ये साधारण ३०० ग्रॅम वाचतात. तासभर खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. शिवण फारसं हलतही नाही. फक्त ब्रिजचे स्टड (तो ज्यांवर उभा राहतो ते स्क्रू) जिथे येतात तिथे सागाचा तुकडा बसवा.

प्रतिसाद

मी मिरजेचा, तंबोऱ्याच्या कामाजवळ वाढलो. आमच्याकडे तबलीला (तंबोऱ्याच्या वरच्या पातळ फळीला) तुनीचं लाकूड लागतं. टॉपसाठी नसलं तरी ब्लॉकसाठी बघा, हलकं आहे आणि पटाशीला गोड आहे. सागात वाळूसारखा अंश असतो, धार लगेच जाते, पटाश्या वरचेवर लावत राहा. सांध्याचं म्हणाल तर रंधा मारल्या मारल्या चिकटवायचं. रात्रभर ठेवलं की तेल वर येतं. ठेवावंच लागलं तर अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच गोंद. आणि लॅकर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत पांढरं धुकं धरतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कडेच्या पट्टीचा मुद्दा वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी तुळईचं तोंड रंधून वलयं बघितली आणि लगेच खडूने चिरायच्या रेषा मारल्या. उभ्या वलयाच्या फळ्या पाऊणशे मिमी रुंदीच्या निघतील, म्हणजे टॉप सहा तुकड्यांचा होईल. तुकडे जास्त झाले याचं मला वाईट वाटत नाही. डाग असलेले दोन तुकडे मधोमध येतील असं जुळवते.

तेव्हा सपाट टॉप, कोरलेली बॉडी, ब्लॉकच्या जागी आत शिवणीचं लाकूड, आणि चिकटवणं दिवाळीनंतर.

आता यातून नवा प्रश्न आला आहे. फुगीर टॉप गेला, पण ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज मी आणून ठेवला आहे. तो टॉपपासून बराच उंच बसतो, म्हणून मान तीन-चार अंश मागे कललेली लागते. ब्रिज ठेवून मान कलवावी, की टेलिकास्टरसारखा बसका ब्रिज घेऊन मान सरळ ठेवावी? वडील पूर्ण मापाचा आडवा छेद ड्रॉइंग शीटवर काढायला बसले आहेत. सपाट टॉपवर हा ब्रिज ज्यांनी बसवला आहे त्यांनी फिंगरबोर्डच्या शेवटच्या टोकाशी टॉपपासून उंची किती ठेवली, तेवढं माप मिळालं तर ड्रॉइंग पुढे जाईल.