मदत हवी आहे: हॅमस्टरचा गाल फुगलेलाच राहतोय

सीरियन हॅमस्टर, मादी, वर्षाची. परवापासून डावा गाल फुगलाय, आधी वाटलं दाणे कोंबलेत पण रिकामाच होत नाहीये, हनुवटीखालचे केस लाळेने ओले आणि वास पण येतोय. सूर्यफुलाची बी उचलते नि टाकून देते, भिजवलेले ओट्स मात्र खाते. शी घट्ट, शेपटीकडे कोरडं, म्हणजे वेट टेल (हॅमस्टरचा जुलाबाचा आजार) नसावं. पुढचे दात वाढलेले दिसत नाहीत. अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) सुचवू नका प्लीज, तोंडातून दिलं तर हॅमस्टरच्या जिवावर बेतू शकतं. सांगलीत जनावरांचे डॉक्टर आहेत पण सगळे म्हशी-कुत्री बघणारे, मिरज-कोल्हापूरपर्यंत नेईन, पुण्याचा प्रवास तिला झेपायचा नाही. गालात काही अडकलंय की दाताच्या मुळाशी पू झालाय हे कसं ओळखायचं, आणि इकडे हॅमस्टर बघणारं कोण आहे?